सटवाजीचं चाक, बाळोजीचा साटा

सगुणा कुंभारणीच्या बैलगाडीचं चाक भर वेशीत निखळलं, आणि ही गाडी घडवली कुणी, असा प्रश्न हिरडपुरात उभा राहिला!

खरं तर उत्तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चाकं सटवाजीची, वरचा फळ्यांचा साटा आणि त्याखालचा, चाकं धरणारा कणा बाळोजीचा. दोघांनी भागी केली तेव्हा राजा चंडरावानं स्वतःच्या हातानं त्यांना पेढे भरवले होते, चौघडा वाजवला होता. दोघं गळ्यात गळा घालून सांगत, "गाडी घ्या आणि निश्चिंत झोपा!" अर्ध्या गावानं गाड्या घेतल्या. मग दोघांचं बिनसलं. का, ते त्यांनाच माहीत. झोप मात्र गाडीवाल्यांची उडाली.

सगुणा सटवाजीकडे गेली.

"माझ्या चाकाला काय धाड भरलीय?" तो गुरगुरला. "कणा वाकडा आहे. बाळोजीला विचार!"

बाळोजी म्हणाला, "कणा सुतासारखा सरळ! चाकच तिरपागडं. आणि ती गाडी भागीतली, बाई. भागी मोडली, आमचा संबंध संपला."

दिवाळी तोंडावर आलेली. ढीगभर पणत्या घरात पडलेल्या. त्या मोठ्या बाजारात पोचल्या नाहीत, तर पोरं वर्षभर खाणार काय? सगुणा संतापून थेट दरबारात गेली.

राजाला राग आला, पण सगुणाचाच! आपण पेढे भरवलेली माणसं वाईट कशी असतील?

"उद्या दसरा," तो गरजला. "उद्या त्या दोघांनी आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे, की ही गाडी माझी घडण. विनवायचं नाही, धमकवायचं नाही, लाच द्यायची नाही! नाही जमलं, तर तुझी गाडी माझ्या मुदपाकखान्यात सरपण होईल."

"जशी आज्ञा, महाराज," सगुणा म्हणाली, आणि झेंडू खुडायला गेली.

हिरडपुरात दसऱ्याला वाड्यासमोर गाड्यांची पूजा होई. जी गाडी सर्वांत देखणी सजेल, तिच्या कारागिराला मालकानं राजासमोर फेटा बांधायचा, अशी रीत होती. त्या फेट्यासाठी भले भले कारागीर वर्षभर झुरत.

सकाळी सगुणाची गाडी दिसली आणि लोक बघतच राहिले. झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, केळीचे खुंट! खाली चाकं आहेत की नाहीत, तेही दिसेना. सर्वांत देखणी म्हणून राजानं त्याच गाडीकडे बोट दाखवलं.

सगुणानं जरीचा फेटा उंच धरला. "ही गाडी ज्यानं घडवली, त्यानं पुढं यावं!"

सटवाजी धावला. "माझी! चाकांवाचून गाडी कसली? वरच्या फळ्या काय, कुणीही ठोकतो!"

बाळोजीनं त्याला ढकललं. "हट्! त्या चाकांचं मापसुद्धा मीच दिलंय! वरपासून खालपर्यंत गाडी माझी!"

"माझी!"

"माझी!"

फेट्याचं एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. सगुणानं शांतपणे माळा बाजूला सारल्या. आत गाडीची एक बाजू उपड्या रांजणावर टेकलेली, आणि निखळलेलं चाक शेजारी आडवं!

दोघांनी फेटा असा सोडला, जणू निखारा!

"अहो, सोडता कशाला?" सगुणा म्हणाली. "काल हिला एकही बाप नव्हता. आज दोन धावत आले! मला दोन्ही चालतील. चाक एकानं उचला, कणा दुसऱ्यानं बघा!"

राजा पोट धरधरून हसला. "जिंकलीस, बाई! गाडी दुरुस्त होईतो माझा रथ घेऊन जा बाजाराला."

"रथ कुणी घडवलाय, महाराज?"

राजानं कान खाजवला. "यांनीच... भागीत असताना."

"मग राहू द्या. पणत्या धड पोचायला हव्यात!"

आता तर हसून हसून राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं स्वतःच्या गळ्यातला कंठा काढून सगुणाला दिला आणि कारागिरांकडे वळला. "ऐकलंत ना? मग उचला टोपल्या! पणत्या तुमच्या डोक्यावरून जातील. परत आलात की हिची गाडी, मग गावातली एकेक गाडी आणि सगळ्यांत शेवटी माझा रथ!"