पाठीला न लागलेली काव

एकदा एका मास्तरांनी, पन्नाशी जवळ आलेली असताना, निजून चालवायची सायकल करून घेतली. ज्यांनी अशी सायकल पाहिली नसेल त्यांना सांगायला हवे. हिची सीट गुडघ्याइतक्या उंचीवर असते आणि आरामात रेलावे तशी मागे कललेली असते. पेडल पार पुढे, पुढच्या चाकाच्याही पुढे. पाय समोर लांब करून ते मारायचे. चेन एवढी लांब की साध्या सायकलच्या तीन चेनी जोडाव्या लागतात. मास्तर पहिल्यांदा ती घेऊन बाजारातून गेले तेव्हा गावाने हसायचे तेवढे हसून घेतले. "मास्तर, घरी झोप पुरी होत न्हाई काय?" पानपट्टीवरून कुणीतरी ओरडले. ओरडणाऱ्याला वाटले आपण थट्टा केली.

झोप खरोखरच पुरी होत नव्हती. तीन वर्षांपूर्वी मास्तरांच्या पत्नीला, उर्मिलाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणे अडखळत, एकेका शब्दाने येऊ लागले. तेव्हापासून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, भरवायचे, पुसून घ्यायचे, गोळ्या द्यायच्या, हे सगळे मास्तर एकहाती करत. शाळेच्या वेळात एक बाई येऊन बसे, पण तिलाही त्यांनी बसण्यापलीकडे काही करू दिले नव्हते. भात स्वतः कालवून झाकून ठेवायचा, मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन पत्नीला वळवायचे आणि पुन्हा तासाला उभे राहायचे. लोक म्हणत, माणूस असावा तर असा. अशी स्तुती फार महाग पडते, हे स्तुती करणाऱ्यांना कधी कळत नाही.

उचलून उचलून मास्तरांची कंबर गेली. साध्या सायकलवर बसवेना. डॉक्टर म्हणाले, थोडे तरी बाहेर पडा, नाहीतर एका घरात दोन खाटा लागतील. म्हणून ही सायकल. रविवारी दुपारी उर्मिलाबाईंचा डोळा लागे आणि ती बाई येऊन बसे. तेवढा दीड तास मास्तरांचा.

सायकल बांधून दिली ती गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. हा मिस्त्री उभी हयात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होता. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांची मोडकी यंत्रे दुरुस्त करी. गुडघे गेलेले, एका कानाने ऐकू कमी, बोलणे त्याहून कमी. त्याच्याकडे मास्तर आधी गिऱ्हाईक म्हणून गेले आणि पुढे शिष्य होऊन बसले. चेन तोडायची कशी, जोडायची कशी, चाकाची तार किती ताणायची, हे त्यांनी खाली मांडी घालून शिकून घेतले. शिकवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला कुणापाशी तरी शिकायला बसणे किती सुखाचे असते, हे शिक्षकांनाच विचारावे.

मास्तरांच्या मनात एकच हौस होती. गावाच्या पश्चिमेला माळावर जाणारा चढ आहे. तो चढून गेले की वर सपाट रस्ता, वारा आणि चिटपाखरू नाही. "तिथं पोचलो की पाच मिनिटं कुणालाही माझी गरज नसंल," असे ते एकदा मिस्त्रीला म्हणाले आणि बोललो हे चुकले की काय म्हणून इकडे तिकडे पाहू लागले. तो चढ त्यांना जमत नव्हता. पाऊण चढ झाला, खाणीचा फाटा आला, की मान अवघडे, दंड बधिर होत आणि पाय खाली टेकावा लागे. मग सायकल हातात धरून परत.

दोष अर्थातच यंत्राचा. मास्तरांनी आधी मागचे फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चाक, बदलून घेतले. मग चेनखालची प्लॅस्टिकची पुली काढून बेअरिंगची बसवली. मग टायर बारीक केले. सीट तर तीनदा बदलली. आधी पत्रा, मग फोम, शेवटी नायलॉनच्या पट्ट्यांची जाळी. दर वेळी ते मिस्त्रीला येऊन सांगत, "आता हे एवढं केलं की झालं." मिस्त्री म्हणे, "करू." आणि करून देई. दर वेळी खाणीचा फाटा तिथेच असे.

एवढ्यात घरी एक गोष्ट घडली. एका सकाळी मास्तरांनी रक्तदाबाची गोळी पत्नीला दिली, चूल पेटवली, डबा भरला आणि गोळी द्यायची राहिली असे वाटून पुन्हा दिली. उर्मिलाबाई दिवसभर घेरी येऊन पडून राहिल्या. संध्याकाळी मास्तरांनी पाकिटातले रिकामे खण मोजले, तेव्हा एक जास्त निघाला. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. उर्मिलाबाईंनी मात्र फोनवर, तुटक्या शब्दांत, आपल्या नणंदेला सांगितली. आणि निपाणीहून मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, रत्नाअक्कांनी, पिशवी उचलली ती थेट इथे आणली.

अक्का आल्या त्या राहायच्या तयारीने. सून घर बघेल, मी इकडे बघते, असे त्यांनी आल्याआल्या सांगून टाकले. पण मास्तरांनी त्यांना काही बघू दिले तर ना! अक्का पहाटे पाचला उठत, तर मास्तरांनी चारला उठून सगळे आवरलेले. अक्कांनी वाटी घेतली की, "असू दे, तिला माझ्या हातची सवय आहे." अक्का वळवायला गेल्या की, "तुझं वय झालंय, कंबर धरंल." आठ दिवस हेच चालले. आठव्या दिवशी, शनिवारी, अक्का म्हणाल्या, "सदा, मी हितं पाहुणचार खायला आले न्हाई. सोमवारच्या आठच्या गाडीनं जाते." मास्तर "बरं" म्हणाले. म्हणताना त्यांना हायसेही वाटले आणि भीतीही वाटली. अक्का गेल्या की पुन्हा कधी ती दुसरी गोळी हातातून जाईल, आणि त्या वेळी नुसती घेरी येऊन भागेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी त्या माणसाच्या तोंडून "राहा" हा शब्द निघेना.

रविवारी मास्तर शेडमध्ये आले ते तोंड ओढलेले. म्हणाले, "मिस्त्री, मागचं दातेरी चाक अजून मोठं घालू. चढाला हलकं जाईल."

मिस्त्रीचे लक्ष दातेरी चाकाकडे नव्हते. तो सीटच्या जाळीवर अंगठा दाबून बघत होता. काही महिने माणूस बसला तर नायलॉनची जाळी थोडी ढिली पडते, मधोमध झोळ येतो. ही आजच ओवल्यासारखी ताठ होती. मिस्त्रीने कोपऱ्यातल्या डब्यातली काव, तांबडी गेरूची माती, एका वाटीत घेतली, तेलात कालवली आणि बोटांनी सबंध सीटला, खालपासून मानेच्या टेकूपर्यंत, फासायला लागला.

"अहो, हे काय?" मास्तर ओरडले. "सदरा धुवायचा कुणी?"

"हा घाला." मिस्त्रीने खुंटीवरचा आपला जुना पांढरा सदरा काढून दिला. "आणि चढावर जाऊन या. रोजच्यासारखं चालवायचं. दातेरी चाकाचं नंतर बघू."

मास्तरांचा संताप झाला. एकतर दीडच तास, त्यात हे खेळ. पण गुरूने सांगितले म्हणून त्यांनी सदरा चढवला आणि निघाले. पानपट्टीवरून कुणी काही बोलले, ते त्यांनी ऐकले नाही. चढ सुरू झाला. मास्तरांनी दात आवळले, हँडल घट्ट धरले, नजर रस्त्यावर रोखली आणि पाय मारत राहिले. खाणीचा फाटा दिसायला लागला आणि मान भरून आली. दंडात मुंग्या आल्या. फाट्यापाशी सायकल डुगडुगली आणि पाय खाली आला. मास्तर तिथे थोडा वेळ नुसते बसून राहिले. रडण्याइतकेही त्राण नव्हते. मग सायकल वळवून उतारावरून परत आले.

"सदरा काढा," मिस्त्री म्हणाला.

त्याने तो झटकून दोन्ही हातांनी मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरला. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. मास्तरांना त्या दिवशी ती दिसली. खाली, कमरेपाशी, चार बोटे रुंदीचा तांबडा पट्टा होता. त्याच्यावर खांद्यापर्यंत सगळा सदरा पांढरा स्वच्छ होता.

"टूलरूमला आम्ही दोन लोखंडी ठोकळे घासून जुळवायचो," मिस्त्री म्हणाला. "नजरेला दोन्ही सपाट दिसायचे. मग एकाला रंग लावायचा आणि दुसरा त्याच्यावर ठेवायचा. जिथं रंग लागला तिथंच तो टेकलाय. बाकी सगळं अधांतरी. तुम्ही वरीसभर हिच्यावर अधांतरी बसलाय, मास्तर. मान उचललेली, खांदे उचललेले, पोट आवळलेलं. सायकल तर ओढताच, वर स्वतःलाबी उचलून धरताय. मी तीन सीटा करून दिल्या. एकीवरबी तुम्ही अजून बसला न्हाई."

मास्तरांनी त्या पांढऱ्या भागावरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कधी विचारलं? काय बदलायचं त्येच सांगत आलाय." मिस्त्रीने सदरा बाकावर टाकला. "साध्या सायकलीवर जोर लावायचा तर उभं राहता येतं. हिच्यावर उभं राहता येत न्हाई. हिच्यावर आधी मागं टेकायचं आणि मग पाय दाबायचा. मागं कशाला टेकलाच न्हाई, तर पाय दाबणार कशाच्या जोरावर? मग सगळा भार मानंवर येतो. दातेरी चाक केवढंबी घाला."

"टेकलो की मागे पडेन असं वाटतं हो."

"पडा की. कुठं पडणार? तिथं सीट हाय."

मिस्त्रीने चिंधीने काव पुसून काढली, सायकलचे हँडल धरून ती जागेवर स्थिर केली आणि मानेने बसण्याची खूण केली. मास्तर बसले. कंबर टेकली. पाठ टेकवताना मात्र अंग ऐकेना; खांदे आपोआप वर येत. मिस्त्री हँडल धरून उभा होता, त्याला घाई नव्हती. बऱ्याच वेळाने एक खांदा टेकला, मग दुसरा, सर्वांत शेवटी मान. जाळी किंचित दबली आणि तिने मास्तरांना धरले. तीन वर्षांत त्यांना कुणी असे धरले नव्हते, कारण त्यांनी कुणाला धरू दिले नव्हते. पत्र्याच्या छपराकडे बघता बघता त्यांचे डोळे वाहू लागले. मिस्त्री दुसरीकडे बघत उभा राहिला.

"घरी अक्का आली आहे," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"ठाऊक हाय. उद्या निघाल्यात म्हणं."

"हो."

मिस्त्रीने हँडल धरून ठेवले. मास्तर उठले आणि त्या दिवशी पुन्हा चढाकडे न जाता सरळ घरी आले.

घरात अक्का उर्मिलाबाईंना वळवत होत्या. मास्तर घरी नाहीत ही संधी साधून त्यांनी काम हातात घेतले होते, आणि ते सगळे चुकीचे चालले होते. उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची, ती अक्कांनी पोटऱ्यांखाली सारली होती. चादरीला चुणी पडली होती. मास्तर दारातच थांबले. "असू दे, मी करतो," हे शब्द जिभेवर आले. हात पुढे झालेही. मग त्यांनी ते हात मागे घेतले आणि उर्मिलाबाईंकडे पाहिले. त्या उजव्या कुशीवर निवांत पडल्या होत्या. त्यांना काही दुखत नव्हते.

"अक्का," मास्तर म्हणाले, "उद्या जाऊ नकोस. मला एकट्याला होत नाही."

वर्गात ते मुलांना रोज सांगत, समजत नसेल तर हात वर करा, त्यात लाज कसली. स्वतः हात वर करताना त्यांची मान खाली गेली होती.

अक्का चादरीची चुणी काढत राहिल्या. डोळ्यांना पदर लावल्याचे दिसू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केले होते. मग म्हणाल्या, "एवढं सांगायला आठ दिवस लागले व्हय रं?"

खाटेवरून उर्मिलाबाईंनी डावा हात थोडा वर केला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"तीन... वर्षं," त्या म्हणाल्या.

खाटेच्या पायथ्याशी भिंतीला पाठ लावून मास्तर जमिनीवर बसले, आणि अक्का पुढे काय विचारतात हे ऐकण्याआधीच त्यांना झोप लागली.