संघटना? कसली संघटना?

एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजात एक भोळा शिपाई होता. नाव शिरपती. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा थांब" म्हणालं की हा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा. काही सांगितलं की विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारायचा. मारलेली गाठ त्याला कधी सोडवता आली नाही.

शिरपती कैक वर्षं तात्पुरता होता. परीक्षा संपल्या की एप्रिलात त्याला काढायचे आणि जूनमध्ये नवा माणूस म्हणून पुन्हा घ्यायचे. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब दर जूनला विचारायचे, "अनुभव आहे का?" शिकवल्याप्रमाणे शिरपती म्हणायचा, "नाही साहेब, नवाच आहे." घरी बायको म्हणायची, "अहो, एकदा कायम व्हा. दर उन्हाळ्यात माहेरून पीठ आणायचं म्हणजे लाज वाटते मला." शिरपतीलाही वाटायची. रात्री भाकरीकडं बघत बसायचा.

असे तात्पुरते कॉलेजात ढीगभर होते. क्लार्क होते, प्रयोगशाळेतले होते, मास्तरसुद्धा होते. शेवटी ग्रंथपाल निमकरबाईंनी पदर खोचला. म्हणाल्या, "संघटना काढू. तात्यासाहेबांनी एकदा तिला मान्यता दिली की त्यांना आपल्याशी बोलायला बसावंच लागेल. आणि पहिलं बोलणं कायम करण्याचं."

हे शिरपतीला फार पटलं. बाईंनी त्याला कामाला लावलं. "शनिवारी वाचनालयात बैठक आहे. निरोपाचं तू बघ. पण कुणाच्या कानावर जाता कामा नये हं."

शिरपतीनं कोऱ्या रुमालाला गाठ मारली.

शनिवारी वाचनालयात निमकरबाई होत्या, शिरपती होता आणि परातभर चिवडा होता.

"बाकीचे कुठं आहेत?"

"कुणाला सांगितलंच नाही बाई. कानावर जाईल ना."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, निरोप सगळ्यांपर्यंत पोचायला हवा. एकही माणूस सुटता कामा नये."

शिरपतीनं दुसरी गाठ मारली.

आता कॉलेजात सगळ्यांपर्यंत निरोप पोचवायची रीत एकच. सूचनेची वही. तिच्यावर आधी प्राचार्यांची सही, मग ती वर्गोवर्गी फिरणार, मास्तर मोठ्यानं वाचणार. शिरपतीनं क्लार्ककडून लिहून घेतलं, 'संघटनेची गुप्त बैठक, शनिवारी, वाचनालयात.' प्राचार्यांनी सही ठोकली. ते सही करताना वाचत नसत. वाचलं की जबाबदारी येते. वही वर्गोवर्गी फिरली आणि एकही माणूस सुटू नये म्हणून तात्यासाहेबांच्या बंगल्यावरही जाऊन आली.

शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नाही. पोरं खिडक्यांत, प्राचार्य दारात, आणि पहिल्या खुर्चीवर तात्यासाहेब. त्यांनी चिवडा खाल्ला, चहा घेतला, मिशी पुसली. मग म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब. कुटुंबात कुठं संघटना असते का? असली कुठलीही संघटना मी मानत नाही." आणि गेले. जाताना उरलेला चिवडाही बांधून नेला.

बाई शिरपतीला म्हणाल्या, "अरे शहाण्या, समोरचा आपला की साहेबांचा, हे बघून बोलावं. साहेबांच्या माणसानं विचारलं तर सरळ कानावर हात ठेवावेत. संघटना? कसली संघटना?"

"साहेबांचा माणूस ओळखायचा कसा?"

बाई घाईत होत्या. "कडक इस्त्री दिसली की समज."

तिसरी गाठ.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या मदतीला जिल्ह्याहून कर्मचाऱ्यांचे पुढारी आले, चौगुले म्हणून. बिचारे पहिल्यांदाच येणार म्हणून कपडे इस्त्री करून आले. फाटकात शिरपती.

"संघटनेची मंडळी कुठं बसतात?"

"संघटना? कसली संघटना?"

"अरे, निमकरबाईंनी बोलावलंय मला."

"कसल्या निमकरबाई?"

चौगुले आल्या एसटीनं परत गेले.

बाई रागावल्या नाहीत. आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "इस्त्री बघू नको. गाडी बघ. साहेबांच्या गाडीतून उतरला तो साहेबांचा. मग तो कितीही साखर पेरू दे, तू कबूल व्हायचं नाही."

"साहेब स्वतः बोलले तरी?"

"साहेब बोलले तर मुळीच नाही."

शिरपतीनं शेवटच्या कोपऱ्याला गाठ मारली. चांगली ओढून घट्ट केली.

मार्च उजाडला. एप्रिल तोंडावर आला. कॉलेजला दर्जा द्यायला मोठी समिती आली. तात्यासाहेबांनी तिला स्वतःच्या गाडीतून आणलं. समितीच्या बाईंनी चष्मा लावून विचारलं, "कर्मचाऱ्यांची संघटना आहे का? मान्यता असेल तर गुण आहेत."

गुण म्हटल्यावर तात्यासाहेबांचं मन एकदम मोठं झालं. "आहे तर. आमची लाडकी संघटना आहे. या शिरपतीला विचारा."

शिरपती पाण्याचे पेले घेऊन उभा होता. त्यानं गाडी पाहिली होती.

"संघटना? कसली संघटना?"

तात्यासाहेब हसले. "घाबरू नको रे. माझी मान्यता आहे. हे बघ, आत्ता यांच्यासमोर सही करून देतो." त्यांनी खिशातलं पेन काढून उघडलंसुद्धा.

साखर पेरतायत, शिरपतीनं ओळखलं. "नको साहेब. जी नाहीच तिला मान्यता कशी देणार?"

"अरे, निमकरबाईंची संघटना."

"कसल्या निमकरबाई?"

समितीच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"नवाच आहे," शिरपती म्हणाला. "जूनमध्ये लागलो."

तात्यासाहेबांना हे खोटं आहे म्हणता येईना. बाईंनी चष्मा काढला. "अध्यक्षसाहेब, नसलेल्या संघटना दाखवत जाऊ नका."

"चुकलं माझं," तात्यासाहेब पेनाला टोपण लावत म्हणाले. "पुन्हा संघटनेचं नाव काढणार नाही."

शिरपती धावत आधी घरी गेला, मग वाचनालयात. चार गाठींचा रुमाल त्यानं निमकरबाईंच्या टेबलावर ठेवला. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचं.

"बाई, या वेळी चुकलो नाही. साहेब स्वतः मान्यता देत होते. पेन उघडलं होतं. पण मी घेतली नाही."

बाईंनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"आता तेवढं त्यांना विचारा," शिरपती म्हणाला, "मला कायम कधी करतात. बायकोला पीठ आणायला जाऊ नको म्हणून सांगून आलोय."