घाटातला टर्बो

पती यशवंतराव गेल्यापासून कोल्हापूरच्या मंदाकिनी इंगवल्यांना एकच सोबत उरली होती, ती म्हणजे यशवंतरावांनी जिवापाड जपलेली जुनी स्पोर्ट्स कार. यंदा तिचा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरून जोर वाढवणारा पंखा, थकला. मंदाकिनीबाईंनी नवा निवडला तो मुद्दाम लहानच, आणि जादा दाब बाहेर सोडणारी दणकट झडप, म्हणजे वेस्टगेट, समोर उभं राहून बसवून घेतली.

मोटर क्लबचे अध्यक्ष दौलतराव शिर्के यांचा त्या गाडीवर कधीचा डोळा होता. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "वहिनी, दाब सोडून द्यायला कुणी झडप बसवतं का? माझ्या गाडीचा टर्बो बघा, घागरीएवढा! लावा शर्यत. हरलात तर गाडी मला विका."

"चालेल भावजी. पण रस्ता मी निवडणार."

दौलतराव हसत कबूल झाले. वहिनींनी निवडला घाट, वळणामागून वळण असलेला. दौलतरावांचा अजस्र टर्बो जोर धरेपर्यंत पुढचं वळण येई आणि ब्रेक दाबावा लागे. वहिनींचा लहानगा मात्र पाय ठेवताच उसळे, आणि दाब वाढला की झडप तो मुकाट सोडून देई.

माथ्यावर दौलतराव घाम पुसत मागून पोचले. "माझा टर्बो तुमच्या दुप्पट आहे, वहिनी!"

"आहेच की, भावजी. पण त्याचं प्रास्ताविक संपेपर्यंत घाट संपतो."

क्लबातले लोक पोट धरून हसले. वहिनीही हसल्या.

सगळे पांगल्यावर त्या गाडीत बसल्या. "ऐकलंत का हो?" असं शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी चावी फिरवलीच नाही.