माणकशेठची पापडशाळा

पेठेच्या एका गावात माणकशेठ नावाचे पापडांचे व्यापारी राहत. गावातल्या बायका सकाळी त्यांच्या पेढीवरून उडदाचं मळलेलं पीठ घेऊन जात, घरी पापड लाटत, गच्चीवर वाळवत आणि वाळले की आणून देत. पापड इतके पातळ की त्यातून पलीकडचा माणूस दिसावा. गिऱ्हाईक खूश, बायका खूश. शेठ मात्र खूश नव्हते. त्यांना पापड दिसत, पण लाटणाऱ्या दिसत नसत.

एकदा ते परगावी गेले. तिथे एका व्यापाऱ्याकडे माणसं ओळीत बसून काम करत होती, आणि मालक आत आला की सगळी उठून उभी राहत होती. शेठना हे फार आवडलं. परत येताच त्यांनी गावाबाहेर मोठी पापडशाळा बांधली. मधोमध उंच ओटा, त्यावर लोड, चारी बाजूंना लाटणाऱ्यांच्या रांगा. छप्पर उतरतं, कौलारू. पापड वाळवायच्या उन्हाचा विचार करायचा तेवढा राहून गेला.

मग दवंडी पिटली. यापुढे सगळ्यांनी पापडशाळेत येऊनच लाटायचं, घरी न्यायला पीठ मिळणार नाही. एकत्र बसलं की आपलेपणा वाढतो, असंही शेठनी कळवलं. आपलेपणावर लक्ष ठेवायला एक दिवाणजी नेमले.

बायका गेल्या. दिवाणजी जवळ आले की लाटणी जोरात फिरत, पुढे गेले की मंदावत. पापड कौलांवर वाळत टाकले, ते घसरून खाली आले. मग रस्त्यावर साड्या अंथरल्या. त्यांवरून शेळ्या गेल्या. शेठ म्हणाले, बायकांचं कामात लक्ष नाही.

एकटी सगुणा गेली नव्हती. तिच्या सासूबाईंना अंथरुणावरून उठता येत नव्हतं, आणि घर चालायचं ते तिच्या पापडांवर. शेठनी तिला पापडशाळेत बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत बजावलं, की उद्यापासून ये, नाहीतर पेढीने दिलेलं पोळपाट-लाटणं परत कर.

"घरी बसून तू काय करतेस, ते मला दिसत नाही," शेठ म्हणाले.

"मी काय करते, ते तुम्ही रोज जेवताना खाता."

दिवाणजींना खोकला आला.

सगुणाने पदर सारखा केला आणि विचारलं, "शेठजी, तुम्ही पेढीवर कुठून येता?"

पेढी त्यांच्या राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर होती. "वरून," शेठ म्हणाले. "जिना उतरून."

"मग उद्या तुम्हीही इथे या. सकाळी आमच्याबरोबर आत, संध्याकाळी आमच्याबरोबर बाहेर. दुपारी जेवायला घरी जाणं नाही, जेवून पडणं नाही. तुम्ही बसलात, तर मीही रोज येईन."

सगळ्या रांगा ऐकत होत्या. शेठना नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. सगुणाही आली, सासूबाईंना पाठीवर घेऊन. त्यांना टेकायला काहीतरी हवं, म्हणून तिने त्यांना ओट्यावर, शेठच्या लोडाशी बसवलं. शेठ अंग चोरून बसले. सकाळ कशीबशी गेली. दुपारी त्यांना पेंग येऊ लागली, डोकं दोनदा छातीवर पडलं. शेवटी ते उठले आणि जोडे शोधू लागले.

सासूबाई म्हणाल्या, "शेठ, मी आजारी बाई बसलेय. तुम्हाला काय झालं?"

शेठ जोडे घालून गेले, ते परत आलेच नाहीत. सगुणाने पोळपाट काखेत मारला, सासूबाईंना पाठीवर घेतलं आणि दाराकडे निघाली. तिच्यामागे एकेक रांग उठली. कुणाच्या परवानगीने चाललात, असं दिवाणजींनी विचारलं.

"शेठजी ज्यांच्या परवानगीने गेले, त्यांच्याच," सगुणा म्हणाली.

पुढे पीठ पूर्वीसारखं पेढीवरून मिळू लागलं. पापडशाळेत पोती ठेवली गेली. आपलं चुकलं, असं शेठ कधीच म्हणाले नाहीत. पाहुण्यांना मात्र ते सांगत, की बायकांना घरी काम करू देण्याची कल्पना मुळात आपलीच.

तात्पर्य: जो नियम आपल्याला दुपारपर्यंतही पाळता येत नाही, तो दुसऱ्यावर लादू नये, आणि लादलाच कुणी, तर दुसऱ्याने तो मान खाली घालून उचलू नये.