आवाज आधी कामाला लागला

सावकाश सांगतो, ऐका. आमची नात शर्वरी कॉम्प्युटरचं शिकली, पण वर्ष झालं तरी नोकरी नाही. फोन वाजला की पोरीचा घास हातातच राही. गाड्यांची तिकिटं विकणाऱ्या एका कंपनीनं परीक्षा म्हणून तिच्याकडून ॲपमधलं एक बटण करून घेतलं. ते दाबलं की माझ्यासारख्या अक्षर न येणाऱ्याला सगळं बोलून सांगायचं. आवाज तिनं स्वतःचाच घातला. कंपनी म्हणाली, "कळवतो." कळवलं काही नाही.

पुढं एकदा अकलूजची गाडी बघायला मी ते ॲप उघडून बटण दाबलं, तर आतून आमची शर्वरीच बोलली, "कुठं जायचंय? गावाचं नाव सांगा." मी तिला हाक मारून ऐकवलं.

ती पुन्हा त्या कंपनीत गेली. सोबत मी होतो. तिथल्या कारखानीस साहेबांनी तिचे कागद चाळले. "अनुभव नाही. आम्हाला मुरलेली माणसं लागतात."

 मला वाटलं, आता रडणार ही. तिनं फोन टेबलावर ठेवून बटण दाबलं. तिचा आवाज खोलीभर घुमला. 

"माझ्या आवाजाला तुम्ही अनुभव न विचारता कामावर घेतलंत," ती हळू म्हणाली. "आता मलाही घ्या, नाहीतर त्याला तरी माझ्याबरोबर घरी पाठवा."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. "सोमवारी येता येईल?"

"येते की," शर्वरी म्हणाली. "फक्त रुजू झाल्याची तारीख आवाजाची धरा."