अंगारकीची गोळी

“चूक दाखवा ना बाई! पुस्तक उघडून दाखवा!”

तन्मयचा आवाज चढला तशी बाकावरच्या सुनेनं पदर तोंडाशी नेला.

केंजळेबाईंनी मान वर केली नाही. टेबलावर निपचित पडलेल्या तिच्या सासूच्या, चांगुणाबाईंच्या शिरेत त्या सावकाश ग्लुकोज सोडत होत्या. पंचेचाळीस वर्षं त्या गावात डॉक्टरकी केलेला हात, तसूभर हलत नव्हता.

“साखर दोनशे चाळीस होती,” तन्मय म्हणाला, “म्हणून साखर उतरवायची गोळी लिहिली. दोन महिन्यांत चाळीस जणांना हीच गोळी दिलीय मी. एकाची तक्रार नाही.”

“हिची आत्ता किती?” बाईंनी विचारलं.

“...अडतीस.”

मोठी पदवी घेऊन, बाईंच्या हाताखाली शिकायला म्हणून आलेला पोरगा. आठव्या दिवसापासून बाईंनाच शिकवत होता. पण ‘अडतीस’ म्हणताना त्यानं साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. म्हातारीचं अंग घामानं निथळत होतं आणि डोळे काही उघडत नव्हते.

“जास्त गोळ्या घेतल्या असतील त्यांनी.”

“एकच घेतली हो,” सून रडकुंडीला आली. “तुम्हीच सगळ्यांना बजावलं होतं ना, काही झालं तरी सकाळची गोळी चुकवायची नाही म्हणून?”

“जेवली काय सकाळपासून?” बाईंनी विचारलं.

“जेवतील कशा? अंगारकी आज. एरवीच्या चतुर्थ्या सोडल्या त्यांनी, पण अंगारकी नाही सोडत. गावात कोण सोडतंय? चंद्र दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही.”

“मग मला सांगायचं नाही का?” तन्मय खेकसला.

“उपास म्हटलं की तुम्ही ओरडता...”



बाईंनी सिरिंज बाजूला ठेवली. म्हातारीच्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी तन्मयच्या तळहातावर ठेवली.

“घे.”

“मला कुठं मधुमेह आहे?”

“घे. आणि चंद्र निघेपर्यंत तोंडात काही घालू नकोस.”

तो गोळीकडे बघत राहिला. मसुराच्या डाळीएवढी. त्यानं हात मागे घेतला... गोळी घरंगळून फरशीवर पडली. कुणी उचलली नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

चांगुणाबाईंच्या पापण्या हलल्या. ओठ सुटले.

“चंद्र... निघाला का गं?”

सुनेला हुंदका आवरेना. बाईंनी तिच्या हाती साखरपाण्याची वाटी दिली आणि सलाईनची बाटली अडकवली.

तन्मयनं भिंतीला पाठ टेकली. कपाळ पुसलं. त्याच्या आवाजात ताठा परत आला.

“उठल्या ना? म्हणजे गोळी काही वाईट नव्हती बाई. एवढं घाबरण्यासारखं...”

केंजळेबाईंनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“चाळिसांतली एक उठली; चंद्र निघायला अजून पाच तास आहेत.”