येसूच्या कड्यावर हाक मारत नाहीत

कड्याला कठडा नाही, हे आदल्या संध्याकाळी कळलं आणि माझी झोप उडाली. पाच वर्षांच्या ऋजुलाला पक्षी दाखवायला दरीच्या तोंडाशी नेणारी आई धाडसी की बिनडोक, याचा निकाल उजाडेपर्यंत लागला नव्हता.

तरी गेलोच. थंडीत कोंडसरच्या खोऱ्यातून धुकं वर चढतं आणि येसूच्या कड्यावरच्या झाडांत पाखरांची झुंबड उडते. ऋजुला दोन पावलं पुढे सरकली. मी ओरडणार, तोच आमचे वाटाडे बारकूमामा यांनी माझ्या तोंडापुढे हात धरला.

"नाव नका घेऊ, बाई. जाऊन धरा तिला."

धरलं. मग जरा शहाणपणा दाखवावा म्हणून मी मोबाइलवर कोतवाल पक्ष्याची शीळ लावली. ती ऐकून पक्षी जवळ येतो म्हणे. मामांनी माझा मोबाइलचा हातही खाली केला. "एकाच सकाळी दोन्ही पापं? शिकलेल्यांना बरं जमतं!"

मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी वरच्या गडावर हैबतराव नावाचा हवालदार होता. त्याला पाखरांच्या मांसाची चटक, आणि गळ्यात विद्या अशी की पिलाचं रडणं हुबेहूब काढावं. फांदीवर फास लावायचा, झुडपात दडायचा आणि पिलासारखा कण्हायचा. पिल्लू मोठं होऊन उडून गेलेलं असलं तरी आई ती आईच. ती यायची, अडकायची.

एका हिवाळ्यात अशीच एक कोतवालीण आली. हिसडा देऊन सुटली, पण फासाचे दोन धागे तिच्या शेपटीला लोंबत राहिले. तिच्या मागोमाग आलेलं तिचं पिल्लू मात्र सापडलं. हैबतरावाने तिच्यादेखत त्याची मान मुरगळली आणि हसून म्हणाला, "आता तू बोलव त्याला."

(ऋजुलाचे कान झाकावेत का, हे मी ठरवेपर्यंत गोष्ट पुढे गेली होती.)

ती उडून गेली नाही. हवालदाराच्या परसातल्या झाडावर वर्षभर बसून राहिली, असं सांगतात. नुसती ऐकत. हवालदाराची बायको सगुणा लेकाला कशी हाक मारते, कुठे आवाज चढवते, कुठे लाडाने ओढते.

पुढच्या थंडीत एका सकाळी असंच धुकं भरलं होतं. तिचा लेक येसू खेळता खेळता अंगणाबाहेर गेला. घरातून सगुणा ओरडली, "येसू, मेल्या, आत ये आधी!" त्याच क्षणी कड्यापलीकडून, धुक्यातून, तोच आवाज आला, पण मऊ. "येसू, ये रे माझ्या राजा." पोराला दोन आया ऐकू आल्या. तो गोड आवाजाकडे गेला.

"पण मामा, त्या पोराचा काय दोष?" मला राहवलं नाही.

"पिलाचा काय होता?" मामा म्हणाले.

सूड तेवढ्यावर थांबला नाही. रोज धुक्यातून येसूच्या आवाजात हाक येऊ लागली, "आबा, मी इथंय." कोण बोलतंय हे हैबतरावाला पक्कं ठाऊक होतं. तरी तो जायचा. फासाकडे पाखरं यायची, तसा. एके सकाळी गेला तो परतलाच नाही. सगुणाने गडावरचे सगळे फास जाळले आणि देवीपुढे शपथ घातली: या खोऱ्यात कुणी कुणाला खोटी साद घालायची नाही, आणि लेकराला लांबून हाक मारायची नाही. जाऊन हात धरायचा.

आजही कोंडसरचे लोक कड्यावर कुणाचं नाव घेत नाहीत. आजही कोतवालाच्या शेपटीला ते दोन धागे लोंबतात. आमच्यासमोरच एक धुक्यातून वर आला. आधी शिकारी शिक्र्यासारखा ओरडला, मग चक्क मांजरासारखा. मी ऋजुलाचा हात इतका आवळला की ती कळवळली.

"ऐकलंस ना? अगदी माझ्या आवाजात कुणी बोलावलं, तरी जायचं नाही."

ऋजुलाने जरा विचार केला.

"मला कळेलच की, आई. तू कुठे एवढं गोड बोलावतेस?"